कंत्राटी वैद्यकीय अधिकारी : मुदतवाढीस नकार व न्यायालयीन दाद

शासन, स्थानिक स्वराज्य संस्था किंवा शासनाने नोंदणी करून उभी केलेली एखादी सोसायटी यांच्या सेवेत ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेल्या डॉक्टरास, मुदत सरल्यावर पुढील नेमणुकीचा हुकूम मिळाला नाही, तर त्या नकाराविरुद्ध न्यायाधिकरणात वा उच्च न्यायालयात दाद मागण्याचा जो मार्ग भारतीय सेवाविधीत गेल्या सात दशकांत घडत आला, तो या नोंदीचा विषय आहे. कंत्राटी डॉक्टरास मुदतवाढीचा हक्क नाही, परंतु ती कोणत्या कारणाने नाकारली गेली हे न्यायालयाकडून तपासून घेण्याचा हक्क त्याला आहे, असे या विधीचे सार सांगता येईल. पहिले विधान करारनाम्यातून निघते आणि दुसरे संविधानाच्या अनुच्छेद १४ मधून. या विषयावरील बहुतेक निर्णय या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत झालेले आहेत.

या प्रकारच्या नेमणुका का वाढल्या, याचे उत्तर आरोग्य खात्याच्या दप्तरात सापडते. वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद मंजूर असते, ते लोकसेवा आयोगामार्फत भरावयाचे असते, आयोगाची जाहिरात, मुलाखती व शिफारस यांत बराच काळ जातो, आणि तोवर प्राथमिक आरोग्य केंद्राचा बाह्यरुग्ण विभाग बंद ठेवता येत नाही. म्हणून हंगामी वा करारावरची नेमणूक करावयाची, ती पुष्कळदा अकरा महिन्यांची, मग एखाद्या दिवसाचा तथाकथित तांत्रिक खंड द्यावयाचा आणि पुन्हा तोच हुकूम काढावयाचा, असा रिवाज महाराष्ट्रातही रूढ झाला. आदिवासी भागातील भरारी पथकांपासून शहरांतील रुग्णालयांपर्यंत असे डॉक्टर काम करीत आले. सेवा अखंड झाली तर हक्क उत्पन्न होईल या धास्तीने घातलेला हा खंड मात्र रुग्णाच्या उपचारास लागू होत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी त्या दिवशीही तोच डॉक्टर त्याच खुर्चीवर दिसतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर (२०१३ पासून राष्ट्रीय आरोग्य अभियान) या पद्धतीस योजनेचे अधिष्ठान मिळाले. अभियानातील नेमणुका राज्य आरोग्य सोसायटीच्या नावे आणि केंद्राच्या अनुदानाच्या आधाराने होत असल्याने ‘पदच नाही, तर हक्क कसला’ असा युक्तिवाद प्रतिवादीच्या बाजूने करणे सुलभ झाले.

करारावरील सरकारी नोकराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी आरंभीच, १९५३ साली, सतीशचंद्र आनंद खटल्यात आला. करारात ठरल्याप्रमाणे सेवा संपुष्टात येणे म्हणजे अनुच्छेद ३११ मधील बडतर्फी नव्हे, असे न्यायालयाने तेव्हा सांगितले आणि तो पाया आजही हललेला नाही. डॉक्टरांच्या बाजूने मोठा निर्णय झाला तो १९८७ मध्ये, रेल्वेतील हंगामी साहाय्यक वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या खटल्यात. अल्प मुदतीवर नेमले जाऊन वर्षानुवर्षे राबलेल्या या डॉक्टरांपैकी १ ऑक्टोबर १९८४ पर्यंत नेमलेल्यांच्या सेवा, त्यांचे काम व वर्तन गोपनीय अहवालांवरून पारखून आणि संघ लोकसेवा आयोगाचा विचार घेऊन, नियमित कराव्यात असा आदेश न्यायालयाने दिला. पुढे १९९२ साली दोन निर्णय आले, आणि आजही मुदतवाढीच्या प्रत्येक खटल्यात एका पक्षाचा वकील पहिला वाचतो तर दुसऱ्या पक्षाचा वकील दुसरा. पुष्पा श्रीवास्तव खटल्यात मुदतीच्या करारावरील नेमणूक मुदतीबरोबर आपोआप संपते असे ठरले. प्यारासिंग खटल्यात, हंगामी कर्मचाऱ्याच्या जागी नियमित निवड झालेला उमेदवार यावा, त्याच्यासारखाच दुसरा हंगामी कर्मचारी आणून त्याला घालवू नये, असे सांगितले गेले.

डॉक्टरांच्या दृष्टीने प्यारासिंगचे हे तत्त्व सर्वांत उपयुक्त आहे, आणि त्याची मर्यादाही त्यातच दडलेली आहे. राजस्थानातील एका नगरपरिषदेत १९७४ साली सहा महिन्यांसाठी किंवा आयोगाचा उमेदवार येईपर्यंत नेमलेल्या एका स्त्री-डॉक्टरांची सेवा चौदा वर्षे चालली आणि १९८८ मध्ये संपविण्यात आली. आयोगाने निवडलेले उमेदवार उपलब्ध झाले असल्याने, एवढ्या दीर्घ सेवेनेही पदावर हक्क निर्माण झाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ठरविले. याच्या उलट, पद रिकामे आहे, काम शिल्लक आहे आणि त्याच कामासाठी नव्या कंत्राटी डॉक्टरांकडून अर्ज मागविणारी जाहिरात निघाली आहे, असे दाखविता आले तर अर्जदाराचे पारडे जड होते. अतिथी अधिव्याख्यात्यांच्या बाबतीत २०२२ साली मनीष गुप्ता खटल्यात न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा लावले. कंत्राटी डॉक्टराच्या याचिकेला ती जाहिरात जोडलेली असते, आणि पुष्कळदा निकालाच्या दृष्टीने तिचे वजन त्याच्या साऱ्या प्रमाणपत्रांहून अधिक भरते. योजनेतील नेमणुकांस जवळचा निर्णय आसामातील मोहम्मद अब्दुल कादिर खटल्याचा (२००९) आहे. योजना चालू असेतोवर दरवर्षी सेवा संपवून पुन्हा नेमणूक करण्याचा कृत्रिम प्रघात टाळावा असे तेथे न्यायालयाने म्हटले; मात्र योजनेतील सेवा नियमित करण्याचा हक्क मान्य केला नाही.

घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी दिलेल्या उमादेवी निर्णयाने या विधीचे वळण बदलले. अनुच्छेद १४ व १६ प्रमाणे खुली स्पर्धा न होता मिळालेली नेमणूक केवळ कालमानाने नियमित होत नाही, आणि याविरुद्ध जाणारे जुने निर्णय यापुढे प्रमाण मानू नयेत, असे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. मंजूर व रिक्त पदांवर न्यायालयाच्या आदेशाच्या आश्रयाशिवाय दहा वर्षे वा अधिक काम केलेल्या, अर्हताप्राप्त कर्मचाऱ्यांचा एकवेळचा विचार करावा, एवढी सवलत ठेवली गेली. या निर्णयाचा उपयोग खात्यांनी ज्या उत्साहाने केला तो पाहता, त्यातील सवलतीचा परिच्छेद कोणी वाचलाच नसावा असे वाटते. डिसेंबर २०२४ मधील जग्गो खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही, दीर्घकाळ आवश्यक काम करणाऱ्यांस डावलण्यासाठी उमादेवीचा आधार घेतला जातो, याबद्दल नापसंती दर्शविली. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास, पोलीस खात्यासाठी करारावर नेमलेल्या विधी सल्लागारांच्या व विधी अधिकाऱ्यांच्या खटल्यात २०१६ साली न्यायालयाने शासनाची बाजू उचलली. पदेच कराराने भरावयाची असे शासननिर्णयात असून उमेदवारांनी ते मान्य करून करारावर सही केली होती, हे तेथे निर्णायक ठरले. सही करताना डॉक्टरास दुसरा कोणता पर्याय होता, हा प्रश्न न्यायालयांनी क्वचितच विचारला आहे.

मुदतवाढ नाकारण्यामागे डॉक्टराच्या वर्तनाविषयीचा आरोप असेल तर मात्र खटल्याचे स्वरूप पालटते. १९५७ च्या पुरुषोत्तमलाल धिंग्रा खटल्यापासून न्यायालये हुकुमाच्या निरुपद्रवी शब्दांआड पाहत आली आहेत : गैरवर्तनाचा आरोप हा केवळ हेतू होता की हुकुमाचा पायाच होता, हा त्यांचा प्रश्न असतो. पाया असेल, तर तो हुकूम शिक्षेचा ठरतो आणि चौकशीवाचून शिक्षा देता येत नाही. करारावरील अधिकाऱ्याची मुदतवाढ कलंक लावून नाकारावयाची असल्यास रीतसर चौकशी हवी, हे मध्य प्रदेशातील एका प्रकरणात २०२४ साली स्पष्ट झाले. आरोग्य खात्यात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण येथे नकाराची सुरुवात प्रायः कुणाच्या तक्रारीने होते. मुख्यालयी राहत नाही, बाहेर रुग्ण तपासतो, वरिष्ठांशी उद्धटपणे वागतो, असा शेरा कार्यमूल्यमापनात येतो, तो डॉक्टरास कळविला जात नाही, आणि अंतिम पत्रात मात्र ‘मुदत संपल्याने कार्यमुक्त’ एवढेच लिहिलेले असते. नियमित सेवकास प्रत्येक शेरा कळविला पाहिजे हे देव दत्त खटल्याने (२००८) ठरविले आहे. कंत्राटी डॉक्टराचे वकील त्याच न्यायाने युक्तिवाद करतात. तथापि प्रामाणिकपणे केलेल्या मूल्यमापनात गुण कमी पडले, तर न्यायालय स्वतः परीक्षक होत नाही. निर्णयात अवैधता, मनमानी वा विपर्यास आहे काय एवढेच पाहावयाचे आणि कारणांच्या पर्याप्ततेवर अपील चालवावयाचे नाही, ही सीमा ग्रिडको खटल्यात (२०११) आखलेली आहे.

प्रसूतीचा प्रश्न याहून वेगळा. दिल्लीतील एका शासकीय रुग्णालयातील ज्येष्ठ निवासी डॉक्टरांचा करार त्यांची प्रसूतिरजा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत, जून २०१७ मध्ये संपला, आणि रुग्णालयाने लाभ तेवढ्याच दिवसांपुरता देऊ केला. न्यायाधिकरण व उच्च न्यायालय यांनी ते उचित मानले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही निर्णय फिरवून, १९६१ च्या प्रसूतिलाभ अधिनियमाखालील लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही देय आहे असे ठरविले. करार मात्र त्यायोगे वाढला नाही. डॉक्टरांना मिळाले ते पैसे.

दाद कोठे मागावयाची हे मालक कोण यावर अवलंबून आहे. राज्यशासनाच्या सेवेतील अर्जदार प्रथम महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे बोलीतील ‘मॅट’कडे जातो आणि तेथून, १९९७ च्या चंद्रकुमार निर्णयानुसार, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे, सोसायटीने वा महापालिकेने नेमलेला डॉक्टर साधारणतः अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालयात येतो. औद्योगिक न्यायालयाचे दार डॉक्टरास बहुधा बंदच असते : गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे असे ठरले, तोच तर्क डॉक्टरांविरुद्ध मांडला जातो, आणि १९८४ च्या दुरुस्तीने कराराचे नूतनीकरण न होणे हे छाटणीच्या व्याख्येतूनही वगळलेले होते. निव्वळ खाजगी रुग्णालयाच्या डॉक्टरास रिट याचिकेचा आधार नाही. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळावयास लावीत नसल्याने त्याला नुकसानभरपाईवर समाधान मानावे लागते.

खटला जिंकला तरी हाती काय पडते, हे अर्ज कधी केला यावर बरेच ठरते. मुदत संपण्यापूर्वी आलेल्या अर्जदारास ‘जैसे थे’चा अंतरिम आदेश मिळू शकतो, कार्यमुक्त झाल्यानंतर, आणि त्या जागी दुसरा डॉक्टर रुजू झाल्यानंतर आलेल्यास प्रायः फेरविचाराचा आदेश मिळतो, आणि तो फेरविचार ज्या कार्यालयाने नकार दिला तेच करते. अंतरिम आदेशाच्या बळावर पुढे चालू राहिलेली सेवा पगाराच्या दृष्टीने सेवाच असते. परंतु उमादेवी निर्णयातील दहा वर्षे मोजताना ती वजा होते.