बाटले म्हणणाऱ्या आपल्याच पोरांना

मागच्या जयंतीच्या तयारीची मीटिंग आमच्या सोनारीत चालली होती. विषय वर्गणीचा. नगरहून (आता अहिल्यानगर) माझा एक भाऊबंद आला होता, तोही कोपऱ्यात बसला. कुणी तरी नाव विचारलं, त्याने सांगितलं. आडनाव आपलंच, पण पुढचं नाव बायबलातलं. एक पोरगं फटकन बोललं, "हे व्हय, पोटासाठी बाटलेले!" चारजण हसले. भाऊबंदही हसला. त्याचं ते हसणं मला लागलं. म्हणून हे लिहितोय.

सोनारी म्हणजे परंडा तालुक्यातलं काळभैरवनाथाचं गाव. माकडं आणि चैत्रातली यात्रा यासाठी आसपास माहीत. तेव्हा मुलूख निजामाचा. माझ्या आज्याचा एक चुलता छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, बायको-पोरं घेऊन करमाळ्याच्या वाटेने नगरकडे चालत गेला. परत आलाच नाही. "मिशनात गेला," एवढंच आमच्या घरात सांगत. त्याची चौथी पिढी म्हणजे हा भाऊबंद.

पोटासाठी गेला, हे खरंच आहे. दुष्काळात माणूस पोटासाठी नाही तर कशासाठी जाईल? पण पोट भरल्यावर तो तिथेच का राहिला, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर पाहिजे तर नगरच्या मंडळीचा इतिहास बघावा लागतो.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली नगरला. हे काँग्रिगेशनल पंथाचे प्रोटेस्टंट. त्यांची शिकवण थोडक्यात अशी: देव एक, मूर्ती नको. माणूस पापी आहे, ख्रिस्तावर विश्वास ठेवला तरच तारण. मधे भट-पुरोहित नको. शास्त्र ज्याने त्याने आपल्या भाषेत स्वतः वाचायचं. या पंथात बिशप नसतो. पाळक कोण, डीकन कोण, हे मंडळीने ठरवायचं. पैशाचा हिशेब मंडळीपुढे.

आता विचार करा. ज्या माणसाचं आयुष्य येसकराची काठी धरण्यात आणि जोहार घालण्यात गेलं, त्याला कुणी तरी म्हणतंय, बस, आणि हात वर करून तुझं मत सांग. ज्याची सावली चालत नव्हती तो प्रभुभोजनाला एकाच भाकरीतला तुकडा घेतोय. शेजारी बसलेला कदाचित जन्माने ब्राह्मण. आपण महाडला पाणी प्यालो १९२७ साली. त्याच्या कितीतरी आधी नगर जिल्ह्यातल्या खेड्याखेड्यांत हे घडत होतं. महाड ही चळवळ होती, हे चार भिंतींच्या आत होतं. फरक मोठा आहे, तो मला मान्य. पण घडत होतं हे विसरायचं कशाला?

शाळाही निघाल्या. 'ज्ञानोदय' हे मिशनचं पत्र नगरलाच १८४२ साली सुरू झालं. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. आम्हाला कुठला धर्म आहे, असं तिने त्यात थेट विचारलं. मुक्ता काही ख्रिस्ती नव्हती. पण १८५५ साली तो निबंध छापला 'ज्ञानोदया'नेच.

हे झालं चांगलं. आता दुसरी बाजू.

१८३९ साली हरिपंत खिस्ती ख्रिस्ती झाले. १८५४ साली त्यांना आणि रामकृष्णपंत मोडकांना नगरच्या मंडळ्यांचे पाळक म्हणून दीक्षा मिळाली. दोघेही जन्माने ब्राह्मण. आणि खेड्यापाड्यातली मंडळी बहुतेक महार-मांग! पुढे १८९५ साली ना. वा. टिळक आले, १९०० साली लक्ष्मीबाई. सोवळं सुटायला आपल्याला किती वेळ लागला, ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लपवलेलं नाही. बाईंचा हा प्रामाणिकपणा मोठा. पण त्यातून हेही कळतं की बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात एका दिवसात धुऊन जात नाही. महारातले ख्रिस्ती आणि मांगातले ख्रिस्ती यांच्यातही सोयरीक सहजी होत नव्हती.

बाबासाहेबांनी हे सगळं पाहिलं होतं. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दल त्यांनी आदराने सांगितलं. आणि मग तोंडावर सुनावलं: तुमच्यात शिकलेली पोरं-पोरी एवढी, पण मागे राहिलेल्या अस्पृश्यांवरच्या अन्यायाविरुद्ध तुम्ही लढला नाहीत. दुसऱ्या एका लेखनात त्यांनी मुळावरच बोट ठेवलं. मिशनऱ्याने अस्पृश्याला सांगितलं की तुझं दुःख तुझ्या पापामुळे आहे. पण ते होतं भोवतालच्या समाजव्यवस्थेमुळे. पापाची क्षमा मागता येते. व्यवस्था मोडावी लागते. मंडळीने पहिलं शिकवलं, दुसरं शिकवलं नाही.

दुसरं बाबासाहेबांनी शिकवलं. फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, महार-मांग वतनदार परिषद झाली. तिथे महार आणि मांग एका मांडवात बसले, तेही थेट वतनाच्या प्रश्नावर.

मग भाऊबंदाला हसायचा हक्क आपल्याला मिळाला का? नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. १९५६ साली शिखांना मिळाला. आपल्याला, बौद्धांना, केंद्रात मिळाला १९९० साली. म्हणजे धर्म बदलला म्हणून चौतीस वर्षं आपणही त्याच दाराबाहेर उभे होतो. ख्रिस्ती झालेला महार-मांग अजून बाहेरच आहे. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढा असं सांगितलं. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. गावात त्याला जात विचारतात तेव्हा तो महार असतो, आणि दाखला मागायला गेला की ख्रिस्ती होतो. हा अन्याय कुणाचा? आपल्याच रक्ताचा आहे ना तो?

वाटा कमी व्हायची भीती काही जणांना वाटते, मला माहीत आहे. ती भीती खोटी नाही. तिच्यावर बसून बोलू. पण ती हसण्याखाली लपवू नका.

आणखी एक. त्यांच्या मंडळीत जे खुंटलं ते आपल्या विहारात खुंटलंय का, हे तपासा. वर्गणीचा हिशेब आपण सगळ्यांपुढे मांडतो का? मांगवाड्यातल्या घरी आपली लेक देतो का? नोकरी लागलेला पोरगा वस्तीकडे वळून बघतो का? १९३८ सालचं ते बोलणं सोलापूरच्या ख्रिस्त्यांना होतं. आज वाचताना मला ते आपल्यालाच उद्देशून वाटतं.

मीटिंग संपल्यावर भाऊबंदाने पाचशे रुपये काढले. म्हणाला, "आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो हाय, दादा. येशूच्या शेजारीच लावलाय." पावतीबुक त्याच पोराच्या हातात होतं. नाव लिहिताना ते थांबलं, माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, "पूर्ण नाव लिही."

त्याने लिहिलं. यंदाच्या कमिटीतही ते नाव यायला हवं.

जयभीम.