त्रिरश्मीचा शिलालेख आणि आपल्या घरचा हिशेब

नाशिकच्या त्रिरश्मी बुद्धलेणीवर आपण धम्मसहलीला जातो, वंदना घेतो, फोटो काढतो. मात्र लेणी क्रमांक १० मधला एक आर्थिक व्यवहार बहुधा आपल्या नजरेतून सुटतो.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघाला ३००० कार्षापण दान दिले. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवण्यात आली. २००० वर दरमहा शेकडा १, तर १००० वर शेकडा पाऊण व्याज ठरले. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. २००० चे वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून लेणीत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवला गेला. आजच्या घरखर्चासाठी यातून तीन गोष्टी घेता येतात.

१) व्याजदर वर्षाचा काढा
वस्तीत "शेकडा पाचने घे" असे सहज म्हटले जाते. ५०,००० रुपयांवर त्याचे महिन्याला २,५०० आणि वर्षाला ३०,००० रुपये व्याज होते, आणि मुद्दल जसेच्या तसे उरते. म्हणजे वर्षाला ६० टक्के! शिलालेखातल्या दराने हेच व्याज ६,००० झाले असते. बचतगटात शेकडा २ पडले तरी ते व्याज गटाच्या, म्हणजे आपल्याच पेटीत येते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

२) मुद्दल राखा
सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि एक संकटकाळासाठी. रोजंदारीवरच्या घराला ही वाटणी तंतोतंत जमणार नाही, हे आम्ही जाणतो. पण पगार झाल्यावर आधी थोडे बाजूला काढून मग खर्च करणे जमते. कामधंद्याच्या भागात आज मुलांचे शिक्षण आणि कौशल्यही धरावे. कमावत्या माणसाचा अपघात किंवा मृत्यू झाला की साठवलेले सारे जाते. म्हणून बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा (अपघात) आणि ४३६ रुपयांत जीवनज्योती विमा (मृत्यू) घ्यावा. दोन्हींत २ लाखांपर्यंत संरक्षण मिळते.

३) नोंद ठेवा, ती घरात सांगा
कर्ज, हातउसने, भिशी, हप्ते हे सारे एका वहीत लिहा आणि महिन्यातून एकदा घरातल्या सर्वांसमोर वाचा. लपवलेले कर्जच घर बुडवते. लग्न, बारसे, जयंतीची वर्गणी यांचा आकडा आधी ठरवा, मग होकार द्या.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. अशा नेत्याच्या अनुयायांच्या घरात पैशाचा हिशेब हा कमीपणाचा विषय असू नये. तथागतांनी अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ऋणमुक्तीचे सुख आहे. जो तरुण सावकाराचा मिंधा नाही, तोच मोर्चात ताठ मानेने उभा राहतो आणि मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट परत करतो. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या वहीसाठी ठेवूया.