मूळ पेट्रोल

जुन्या मोटारसायकलींच्या शौकिनांत एक शब्द फार मानाचा आहे. 'ओरिजिनल'. टाकीवरचा बिल्ला ओरिजिनल आहे का, स्पीडोमीटर ओरिजिनल आहे का, सायलेन्सर... आणि सगळ्यात जास्त भाव खाणारा प्रश्न, कार्बोरेटर ओरिजिनल आहे का? या प्रत्येक प्रश्नाला छातीठोक उत्तर देणारी माणसं मला भेटली आहेत. टाकीत ओततो ते ओरिजिनल आहे का, असं मात्र कुणी विचारत नाही. ते विचारलं आमच्या काकांनी.

काकांची जावा २५० आहे १९६९ची. काका माहुलच्या रिफायनरीत नोकरीला होते आणि कित्येक वर्षं याच गाडीवरून पाळीला जात. गेली दोन वर्षं मी आणि चेंबूरचे एक मिस्त्री मिळून ती पुन्हा उभी करतो आहोत. रंग, क्रोम, वायरिंग या गोष्टी पैसा आणि धीर असला की होतात. विचार करायला लावला तो पेट्रोलच्या वाटेने. म्हणजे टाकी, कॉक, नळी आणि कार्बोरेटर. यातलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं, असा विषय निघाला तेव्हा काका म्हणाले, "सगळं जुनंच ठेवायचं असेल तर ठेव की. मग पेट्रोलही त्या वेळचंच आण."

बोलले ते चेष्टेत. पण त्या वाक्यामागे बराच इतिहास आहे, आणि त्यातला पुष्कळसा माहुलच्या कुंपणाआडच घडला आहे.

१९५१ मध्ये इराणने आपला तेलउद्योग ताब्यात घेतला आणि अबादानची प्रचंड रिफायनरी बंद पडली. आपल्याकडे तयार पेट्रोल येत होतं त्यातलं बरंच तिथूनच. तेल शुद्ध करण्याचं काम आपल्याच किनाऱ्यावर व्हावं, याची निकड तेव्हा सगळ्यांना पटली आणि त्याच वर्षी भारत सरकारने परदेशी तेल कंपन्यांशी करार केले. १९५४ मध्ये स्टँडर्ड व्हॅक्युमची आणि १९५५ मध्ये बर्मा शेलची, अशा दोन रिफायनऱ्या मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, कोळ्यांच्या माहुल गावाशेजारी सुरू झाल्या. पहिली पुढे एस्सोची झाली आणि १९७४ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियमची. दुसरी १९७६ मध्ये सरकारने घेतली, ती आजची भारत पेट्रोलियम. चिमणीवरची ज्योत एका बाजूला आणि खाडीच्या चिखलात उभे फ्लेमिंगो दुसऱ्या बाजूला, हे माहुलचं चित्र मुंबईकरांना आता सवयीचं झालं आहे.

जावाची गोष्टही साधारण त्याच काळातली. नाव यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची आद्याक्षरं जोडून १९२९ मध्ये तयार झालेलं, देश चेकोस्लोव्हाकिया. आपल्याकडे ती आणली इराणी कुटुंबाने. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला आणि १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. सत्तरच्या दशकात तिचीच येझ्दी झाली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. (जाता जाता एक गंमत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या मोनोरेलच्या मार्गावर 'भारत पेट्रोलियम' आणि 'म्हैसूर कॉलनी' ही स्थानकं लागोपाठ ठेवली होती. आमच्या जावाची पत्रिकाच जणू!)

या गाडीचा कार्बोरेटर जिकोव. तोही मुळात चेक. तो पत्र्याच्या कव्हराखाली लपलेला असतो. सकाळी टिकलर दाबून तो तुडुंब भरायचा, मग किक. जिचा गियर तोच किक, ही जावाची आणखी एक खोड. कार्बोरेटरचं काम ऐकायला सोपं आहे. हवेच्या ओढीने एका बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर खेचलं जातं आणि हवेत मिसळतं. पण त्या भोकाचा व्यास ठरवणाऱ्या इंजिनिअरच्या डोळ्यासमोर एक ठरावीक पेट्रोल असतं. दर किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, या हिशोबावर सगळी मांडणी उभी. कार्बोरेटरला अक्कल नसते. आजच्या गाडीतला सेन्सर धूर हुंगून प्रमाण बदलतो. जिकोवला १९६९ मध्ये जे शिकवलं तेवढंच येतं.

आणि पेट्रोल तर बदलत गेलं.

पहिला मोठा बदल शिशाचा. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं की इंजिनाची ठोकठोक थांबते, हे अमेरिकेत १९२१ मध्ये कळलं आणि जगभर शिसं जाळलं जाऊ लागलं. आपल्याकडे १९९४ मध्ये महानगरांत कमी शिशाचं पेट्रोल आलं, १ एप्रिल १९९५ पासून नव्या मोटारींसाठी बिनशिशाचं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर फक्त बिनशिशाचं. (जगात सगळ्यात शेवटी थांबला अल्जीरिया, २०२१ मध्ये. बरोबर शंभर वर्षं!) जुन्या चार-स्ट्रोक गाड्यांच्या मालकांना तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठकीची काळजी लागली, कारण शिशाचा पातळ थर त्या बैठकीला जपत असे. जावा पडली टू-स्ट्रोक. तिला व्हॉल्व्हच नाहीत. शिसं गेल्याचं सुतकसुद्धा तिने पाळलं नाही.

दुसऱ्या बदलातून मात्र ती सुटली नाही. तो म्हणजे इथेनॉल. ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याचा कायदा आपल्याकडे १९४८ मध्येच झाला होता. तो २००० मध्ये निकालात काढला आणि पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, मनमाड आणि मिरजेला इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले! साखर कारखान्यांच्या मळीचा प्रश्न, परकीय चलनाचा प्रश्न, अशी दोन्ही गणितं त्यात होती. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के, २०२२ मध्ये देशभर दहा टक्के. २०२३च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचं, म्हणजे ई-२०, काही पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत तेच नेहमीचं पेट्रोल होऊन बसलं. बिनइथेनॉलचं पेट्रोल निवडायची मुभा हवी म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

इथेनॉल रिफायनरीत मिसळत नाहीत, पुढे डेपोत मिसळतात. कारण ते पाण्याचं मित्र. लांबच्या पाइपलाइनमध्ये कुठेतरी पाणी असतंच आणि इथेनॉल ते उचलतं. काकांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाइपलाइनला जी भीती तीच आमच्या टाकीला, आणि आमची टाकी तर माहुलच्या दमट, खाऱ्या हवेत चार-चार महिने उभी राहणार.

यातला धोका नीट सांगतो, कारण तो टू-स्ट्रोकवाल्यांनाच जास्त आहे. दहा टक्के इथेनॉलच्या लिटरभर पेट्रोलात पाचेक मिलीलिटर पाणी मुरतं. त्याहून जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं. (ई-२०मध्ये पाणी थोडं जास्त मुरतं, पण गुण तोच.) जावाच्या टाकीत आपण पेट्रोलबरोबर इंजिन ऑइलही ओततो, काकांच्या हाताने लिटरला चाळीस मिलीलिटर. ते ऑइल राहतं वरच्या पेट्रोलात. कॉक मात्र टाकीच्या तळातून ओढतो. म्हणजे इंजिनाला जातं पाणी आणि इथेनॉल, तेलाचा थेंब नाही. अशात गाडी चालू झालीच तर पिस्टन सिलिंडरमध्ये धरायला वेळ लागत नाही. वर कॉकमधलं बुचाचं पॅकिंग आणि जुनं रबर इथेनॉलने फुगतं नाहीतर ठिसूळ होतं, ते वेगळंच.

आणि भूक. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी पुरते. ई-२०साठी ते १४.७चं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. जुन्या जेटमधून मात्र पूर्वीइतकंच पेट्रोल येतं. परिणाम म्हणजे मिश्रण विरळ आणि इंजिन गरम.

मग काय केलं? पुष्कळ लोक जिकोव काढून मिकुनी बसवतात. गाडी चांगली चालते, नाही म्हणत नाही. पण मिस्त्रींच्या मते त्यासाठी आमच्या गाडीचं कव्हर कापावं लागलं असतं. पत्रा एकदा कापला की कापला! म्हणून आम्ही जिकोवचं बाहेरचं शरीर ठेवलं आणि आतडी बदलली. फ्लोटच्या सुईला व्हायटॉनचं टोक, सगळी पॅकिंग व्हायटॉनची, नळी नवी, मध्ये एक छोटा फिल्टर. टाकीचा गंज काढला, पण आतून रासायनिक अस्तर लावलं नाही. काही अस्तरं इथेनॉलमध्ये सुटतात आणि त्यांचे पापुद्रे जेटमध्ये जाऊन बसतात.

मुख्य जेटचा हिशोब असा. पेट्रोल आठ-दहा टक्के जास्त यायला हवं. भोकाचा व्यास चार-पाच टक्के वाढवला की क्षेत्रफळ तेवढं वाढतं. म्हणजे मिलीमीटरच्या शंभराव्या भागातला खेळ. मिस्त्रींनी जुन्या जेटला हात लावू दिला नाही. वेगळे जेट आणून रीमरने थोडे थोडे वाढवत नेले. दर खेपेला फ्रीवेच्या बाजूने एक चक्कर, मग प्लग काढून बघायचा. पांढरा असेल तर विरळ, काळा ओला असेल तर जास्त. चौथ्या खेपेला चॉकलेटी आला. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त प्लग काकांच्या हातात दिला. काकांनी तो चष्मा वर करून, उन्हात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हां."

या सगळ्यात मला कुणी 'जुनं ते सोनं' म्हणायला लावू नये. जुनं पेट्रोल परत यावं असं मला वाटत नाही. ते शिसं लहान मुलांच्या रक्तात जात होतं. आमची जावा निळा धूर सोडते तो काही अत्तराचा नव्हे. आणि माहुलला तर याची किंमत शहराच्या इतर भागांपेक्षा जास्त कळते. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतली कुटुंबं २०१७ पासून माहुलच्या इमारतींत आणून ठेवली. हवेने आजारी पडतो म्हणून ती लढली आणि कुणाला तिथे राहायची सक्ती करता येणार नाही, असं उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. आमची महिन्यातून दोनदा फिरायची हौस आणि त्यांचा रोजचा श्वास एकाच तराजूत घालायचा मला धीर होत नाही. म्हणून इथेनॉलबद्दल माझी तक्रार एवढीच आहे की वीस टक्क्यांची तारीख अलीकडे ओढताना जुन्या गाड्यावाल्यांना, त्यातही रोज पोटासाठी गाडी हाणणाऱ्यांना, काय बदलायचं हे कुणी धड सांगितलं नाही. हौशी माणूस रीमर शोधेल. दूधवाला काय करेल?

असो. काढलेले सगळे मूळ भाग एका बिस्किटाच्या डब्यात ठेवले आहेत : जेट, सुई, बुचाचं पॅकिंग. आत काकांच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे. कुठला भाग कधी काढला, कुठला जेट बसवला आणि त्या दिवशी पेट्रोलमध्ये इथेनॉल किती टक्के होतं. पावसाळ्याआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करायचे, हेही त्यातच. सत्तावीस टक्क्यांची चर्चा २०२५ मध्येच सुरू झाली आहे, म्हणून मिस्त्रींनी आणखी एक कोरा जेट त्या डब्यात टाकून दिला आहे.