तापलेल्या मुलाच्या रक्ताची साक्ष

ताप आलेले तान्हे मूल आपले दुखणे सांगू शकत नाही. बहुधा तो ताप विषाणुजन्य असतो व आपोआप उतरतो. क्वचित मात्र त्याच्या मुळाशी रक्तात पसरणारा जिवाणुसंसर्ग असतो आणि तेथे काही तासांचा विलंबही घातक ठरतो. हा भेद रक्ताकडून वदवून घेण्याच्या प्रयत्नांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट स्पष्ट होते : या परीक्षांत रक्त जी साक्ष देते ती शरीराच्या प्रतिक्रियेची असते, रोगकारणाची नव्हे.

वॉर्सा येथील एडमुंड बिएर्नाट्स्की यांनी तांबड्या पेशी तळाशी बसण्याचा वेग रोगावस्थेत बदलतो, हे १८९७ साली दाखविले. १९१८ मध्ये स्टॉकहोमच्या रॉबिन फोरेयस यांना हाच वेग गर्भवतींच्या रक्तात वाढलेला आढळला. १९२१ मध्ये आल्फ वेस्टरग्रेन यांनी तो क्षयरोग्यांच्या बाबतीत अभ्यासला. फायब्रिनोजेन वाढले, की पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींस चिकटतात व लवकर खाली बसतात. म्हणजे गर्भधारणा आणि क्षय या दोन अगदी भिन्न अवस्थांचे चिन्ह एकच! शिवाय हे चिन्ह सावकाश उमटते व सावकाश पुसले जाते.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट व टॉमस फ्रान्सिस यांनी न्यूमोकोकस जिवाणूपासून काढलेला 'सी' नामक शर्करामय अंश न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात मिसळला. रोग ऐन भरात असता साका धरे. रुग्ण बरा होताच तो धरेनासा होई. प्रतिपिंडांची रीत याच्या उलट असते. पुढे हीच प्रतिक्रिया इतर रोगांतही आढळली, आणि १९४१ मध्ये ऑस्वल्ड एव्हरी व त्यांचे सहकारी यांनी हा पदार्थ प्रथिन असल्याचे सिद्ध केले. त्याचे 'सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन' हे नाव जिवाणूच्या अंशावरून पडले. प्रथिन मात्र रुग्णाच्याच यकृतात निर्माण होते. नावाची व्युत्पत्ती खरी असूनही अर्थाच्या दृष्टीने ती दिशाभूल करते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१९९३ साली पॅरिसच्या आसिको व सहकाऱ्यांनी ७९ मुलांच्या अभ्यासावरून 'प्रोकॅल्सिटोनिन' या द्रव्याकडे लक्ष वेधले. तीव्र जिवाणुसंसर्गात ते पुष्कळ वाढते, विषाणुसंसर्गात फारसे वाढत नाही. परंतु भाजलेल्या रुग्णांत, तसेच जन्मानंतरच्या पहिल्या एकदोन दिवसांत ते संसर्गावाचूनही वाढलेले असते.

निदानाच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन वाढू लागण्यास सुमारे सहा तास लागतात आणि ते कमाल पातळीस पोहोचते ते दीड-दोन दिवसांनी. म्हणून ताप चढताच घेतलेल्या रक्तातील अल्प आकडा निर्धास्त राहण्यास पुरेसा नाही. उलट अॅडिनोव्हायरसच्या संसर्गात व हिवतापात जिवाणू नसतानाही आकडा चढतो. हिवतापाच्या प्रदेशांत तर हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे.

शब्दाचा अर्थ जसा संदर्भावाचून ठरत नाही, तसाच या आकड्यांचाही ठरत नाही. ब्रिटनमधील 'नाइस' संस्थेने २००७ साली पाच वर्षांखालील तापकरी मुलांसाठी मार्गदर्शिका काढली. तीत मुलाच्या त्वचेचा रंग, हालचाल, श्वसन व शरीरातील पाण्याचे प्रमाण यांवरून धोक्याच्या हिरव्या, पिवळसर व लाल अशा तीन पायऱ्या ठरविल्या आहेत. कोणत्या मुलाची रक्तपरीक्षा करावी, हे या निरीक्षणावर अवलंबून असते. रक्ताची साक्ष मोलाची खरी. पण ती मुलाकडे नीट पाहिल्यानंतरच घ्यावयाची असते.