पाड्यावरचे अंगण आणि लोकांचा निधी

लोकांनी पै-पैसा जमवून निधी उभा केला, त्याचा ट्रस्ट झाला, ट्रस्टने खेड्यासाठी रक्कम मंजूर केली. येथपर्यंतची हकिकत अहवालात सापडते. त्यापुढे काय झाले, त्या रकमेने खेड्यातील कोणाच्या आयुष्यात कोणता फरक पडला, हा प्रश्न मात्र सहसा हिशेबतपासनिसांवर सोडून दिला जातो. आज तोच प्रश्न आपल्याला इतिहासाला विचारावयाचा आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या बुवापाड्याच्या नावातच ‘पाडा’ आहे, आणि ज्या पाड्यांची ही हकिकत आहे ते पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातलेच. २०१४ साली तो मुलूख नव्या पालघर जिल्ह्यात गेला, इतकेच.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेत असतानाच, कस्तुरबांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर निधी जमविण्याचे ठरले. गांधीजींच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे २ ऑक्टोबर १९४४ पर्यंत, पंचाहत्तर लाख रुपये जमवावयाचे होते. प्रत्यक्षात एक कोटीहून अधिक जमले. या कामाची चिटणिसी ठक्करबाप्पांसारख्या काटेकोर माणसाकडे होती. देणाऱ्यांत गिरण्यांचे मालक होते आणि आणे देणारी माणसेही होती. हा पैसा पुतळ्यांत आणि स्मारकांच्या इमारतींत जाऊ नये, खेड्यांतील स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच तो खर्च व्हावा, असा दंडक घालण्यात आला. १९४५ साली कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्ट रीतसर स्थापन झाला.

परंतु खेड्यातल्या स्त्रियांना आणि मुलांना पैसा देणार कसा? मनिऑर्डरने तर तो पाठविता येत नाही. तेथे राहून काम करणारे माणूस हवे, आणि शहरात शिकलेली माणसे खेड्यात टिकत नाहीत, हा अनुभव तेव्हाही होता. म्हणून ट्रस्टने ग्रामसेविका तयार करण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी १९४५ साली बोरिवलीला एक शिबिर भरले. त्याची धुरा ताराबाई मोडकांकडे होती.

ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे प्रयोग केले होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, तो या दोघांच्या प्रयत्नांनी. पुढे १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला. मध्यमवर्गाच्या मुलांसाठी त्यांनी हे सर्व केले आणि ते उत्तम केले. तथापि गरिबांच्या मुलांना हे कधी मिळणार, ही टोचणी त्यांच्या मनाला होती. शिबिरात त्यांना पुण्याहून आलेल्या एक शिक्षिका भेटल्या. त्या अनुताई वाघ. बालपणीच विवाह आणि बालपणीच वैधव्य, असे त्यांचे प्रारब्ध होते. त्यातून शिकून त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या होत्या. त्या वेळी त्यांचे वय पस्तीस होते. शिबिर संपले आणि अनुताई ताराबाईंबरोबर डहाणू तालुक्यातील बोर्डीला गेल्या. २४ डिसेंबर १९४५ रोजी तेथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झाले. १९९२ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, अनुताईंनी ते काम सोडले नाही. निधीच्या हिशेबवहीत या शिबिराचा खर्च एका ओळीत मावला असेल. त्याचे व्याज मात्र असे येत राहिले.

बोर्डीत पहिली अडचण आली ती ही की, शाळा निघाली, पण मुले येईनात. ज्यांच्या घरी पुरेसे अन्नवस्त्र नाही त्यांचे मूल चांगल्या घरच्या मुलांच्या रांगेत येऊन बसावे कसे? तेव्हा या दोघींनी शाळाच उचलून मुलांच्या दारी नेली. झोपडीपुढचे अंगण झाडून तेथे मुले जमवावयाची, त्यांना आंघोळ घालावयाची, केस विंचरावयाचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. माँटेसरी पद्धतीची परदेशी साधने महाग होती. त्यांच्या जागी शिंपले, गारगोट्या, बिया, पाने ही साधने आली. मोजावयाला आणि रंग ओळखावयाला ती पुरेशी होती. या शाळेला नाव मिळाले अंगणवाडी. पुढे दहाबारा वर्षांनी काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागली. थोरले मूल घरी धाकट्याला सांभाळते म्हणून शाळेत येत नाही, तर धाकट्याला पाळण्यात घ्या आणि थोरल्याला वर्गात बसवा, असा हा साधा व्यवहार होता. जी मुले गुरे राखावयास जात त्यांच्यामागे शिक्षक कुरणात गेले. त्या शाळेला कुरणशाळा म्हणत.

ही हकिकत येथेच थांबविली तर ऐकावयास गोड वाटेल, पण ती अर्धीच राहील. त्याच १९४५ साली, त्याच मुलुखात, आणखी एक गोष्ट घडत होती. वारल्यांची स्थिती काय होती हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. सरकारनेच नेमलेल्या सायमिंग्टन यांच्या १९३९ सालच्या अहवालात वेठीची आणि लग्नगड्यांची नोंद आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम घ्यावयाची आणि ती फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्याकडे वर्षानुवर्षे राबावयाचे, याचे नाव लग्नगडी. जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद टिटवाळ्याला भरली. कल्याणला रुळांना फाटा फुटतो. एका फाट्याने आपण अंबरनाथला येतो, दुसऱ्या फाट्यावर टिटवाळा आहे. तेथे काही वारली गेले, ऐकून परत आले, आणि २३ मे रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारो वारल्यांची सभा होऊन वेठ न करण्याचा निर्धार झाला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या लढ्यात होते. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये, आणि इतर कामास दिवसाला किमान बारा आणे, एवढीच मजुरीची मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण ठार झाले. बोर्डीचे केंद्र सुरू झाले ते यानंतर अडीच महिन्यांनी.

मी कामगार चळवळीतला माणूस. तेव्हा मी तलवाड्याची बाजू घेऊन बोर्डीला कमी लेखीन, अशी कोणाची समजूत असेल तर ती बरोबर नव्हे. बापाची वेठ सुटल्याखेरीज मुलाच्या अंगणाला अर्थ नाही, हे खरे. पण वेठ सुटली म्हणजे मुलाच्या डोक्यातील उवा आणि अंगावरची खरूज आपोआप जात नाही, हेही तितकेच खरे. त्यासाठी कोणीतरी रोज सकाळी पाण्याची बादली घेऊन पाड्यावर जावे लागते. संघर्षाने माणसाची मान वर झाली. शिक्षणाने त्या वर झालेल्या मानेला दूरचे दिसू लागले. निधीचा पैसा या दुसऱ्या कामाला लागला, आणि तो योग्य कामाला लागला असेच म्हटले पाहिजे.

आता पुढचा टप्पा पाहा. ट्रस्टच्या पैशाला मर्यादा असते. ट्रस्ट एक शिबिर भरवील, दहा केंद्रे चालवील. देशातील लाखो पाड्यांना पुरे पडणे त्याच्या हाती नाही. त्याचे खरे काम एखादी गोष्ट करून दाखविण्याचे असते. ती करता येते हे सिद्ध झाले की ती सर्वांना देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. कारखान्यातील पाळणाघराचे असेच झाले. आधी ते एखाद्या उदार मालकाच्या मर्जीचे होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने, जेथे पन्नासाहून अधिक स्त्रिया काम करतात तेथे ते ठेवण्याचे बंधन मालकावर आले. त्याप्रमाणे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील तेहतीस प्रकल्पांतून सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हटले. बोर्डीच्या अंगणातला शब्द असा देशभर गेला.

मूल या प्रवासात दानाकडून हक्काकडे गेले. अंगणवाडीत काम करणारी बाई मात्र मध्येच राहिली. निधीच्या काळात तिला सेविका म्हणत, आणि ते शोभतही होते. अनुताईंसारख्यांनी ती सेवा स्वखुशीने पत्करली होती. सरकारने योजना उचलली तेव्हा शब्दही तोच उचलला. सेविका म्हणावयाचे, म्हणजे पगाराऐवजी मानधन देता येते. मुलांचे वजन, लसीकरणाची नोंद, गरोदर बायकांचा आहार, एवढे सगळे काम ठरलेल्या वेळेत आणि तपासणीखाली करावयाचे, आणि मोबदल्याचे नाव मानधन! २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला. त्यानंतरही ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविकांना सात आठवडे संप करावा लागला. ज्या दिवशी अंगणवाडी बंद राहिली त्या दिवशी वस्तीतल्या आयांना ती काय करीत होती हे कळले.

तेव्हा लोकनिधीचे मोल आपण कसे करावयाचे? किती जमले आणि किती वाटले, यावरून ते होणार नाही. त्या पैशाने जी सोय झाली ती निधी संपल्यावरही माणसाला हक्काने मागता येते काय, आणि ती सोय पुरविणारे हात स्वतः उपाशी तर नाहीत ना, ही दोन मापे लावावीत. कस्तुरबांच्या नावाचा निधी पहिल्या मापाला उतरला. दुसरे माप अद्याप भरावयाचे आहे, आणि ते भरण्याचे काम ट्रस्टींचे नाही. ज्यांची मुले अंगणवाडीत जातात अशा तुमच्या-आमच्यासारख्यांचे ते आहे. वस्तीतली सेविका आपल्या मागण्यांचा अर्ज घेऊन दारात आली, तर मुलाला तिच्या हाती सोपविताना जितका विश्वास टाकतो, तितक्याच विश्वासाने त्यावर सही करावी, एवढेच माझे सांगणे आहे.