सीमेवरची होडी

नकाशावर सीमा आखणाऱ्यांना नदी नेहमीच सोयीची वाटत आली आहे. काठावर राहणाऱ्यांच्या लेखी मात्र नदी ही रेषा नसून वाट असते. पलीकडच्या गावाशी सोयरीक असते, बाजारहाट असतो, आजारी माणसाला न्यायचे असते. आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेचा इतिहास याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचे सुमारे 74 किलोमीटरचे अंतर आले आहे. त्यातील 35 किलोमीटर पलीकडे मध्य प्रदेश, तर उरलेले 39 किलोमीटर पलीकडे गुजरात. 1 मे 1960 रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तोवर या खालच्या टप्प्यातील दोन्ही काठ एकाच राज्यात होते. त्या दिवशी नदी जागची हलली नाही. सरकारे मात्र दोन झाली.

पुढे पाण्याचा वाद उभा राहिला. 6 ऑक्टोबर 1969 रोजी लवाद नेमला गेला, 1974 मध्ये संबंधित राज्यांत काही बाबींवर समझोता झाला आणि डिसेंबर 1979 मध्ये अंतिम निवाडा आला. महाराष्ट्राला पाव दशलक्ष एकर-फूट पाणी व सरदार सरोवराच्या विजेतील 27 टक्के वाटा मिळाला. त्याची किंमत अक्कलकुवा तालुक्यातील 9 आणि अक्राणीतील 24 अशा 33 गावांनी मोजली. वाहत्या नदीचे सरोवर झाले, डोंगरउतारावरच्या पायवाटा पाण्याखाली गेल्या आणि जेथे पूर्वी पायी जाता येई तेथे होडीवाचून गत्यंतर उरले नाही. आरोग्यपथकेही नावेतूनच पाड्यांपर्यंत पोहोचू लागली.

2019 च्या मकरसंक्रांतीला धडगाव तालुक्यात, नर्मदेच्या पात्रात, भाविकांनी खच्चून भरलेली होडी उलटली आणि लहानग्यांसह अनेकांचे प्राण गेले. हा केवळ अपघात म्हणून सोडून द्यावा काय? पाण्याचा थेंबन् थेंब आणि विजेचा टक्कान् टक्का मोजणाऱ्या राज्यांनी होडीत किती माणसे बसतात हेही मोजावे, एवढीच अपेक्षा आहे.

सीमेपलीकडची फेरी म्हटली की 'हे प्रकरण फार गुंतागुंतीचे आहे' असे उत्तर अनेकदा मिळते. अशा वेळी आम्हांला चीनच्या किनाऱ्याची आठवण होते. तैवानच्या ताब्यातील किनमेन बेट चीनच्या शियामेन शहरापासून नजरेच्या टप्प्यात आहे. 1949 नंतर दोहोंमधील येजा थांबली. 1958 मध्ये बेटावर भीषण तोफमारा झाला आणि पुढे दिवसाआड गोळे डागण्याचा विचित्र प्रघात 1979 च्या आरंभापर्यंत चालू राहिला. तरीही जानेवारी 2001 मध्ये किनमेनहून शियामेनला प्रवासी बोट गेली. दोन्ही सरकारे एकमेकांना मान्यता देत नव्हती, आजही देत नाहीत. म्हणून सार्वभौमत्वाचा प्रश्न बाजूला ठेवून स्थानिक पातळीवरून वाट काढली गेली. महासाथीमुळे 2020 मध्ये थांबलेली ही सेवा जानेवारी 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. मोठा तंटा मिटला नाही. आप्तांची भेट मात्र त्यासाठी अडली नाही.

आमच्या नदीवर तर तोफा कधी लागल्याच नाहीत. तिन्ही राज्ये एकाच प्रजासत्ताकाची आहेत. 2016 मध्ये राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत नर्मदेचा समावेश झाला. 2021 च्या अंतर्देशीय नौका कायद्याने एका राज्यात नोंदलेली यांत्रिक नौका दुसऱ्या राज्यातही ग्राह्य ठरविली. कायद्याची अडचण अशी दूर झाली असता उरते ती इच्छेची. नोंदलेली नाव, प्रवासीसंख्येची मर्यादा, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट आणि दोन्ही काठांवर चढउतारासाठी बांधलेला धक्का, एवढ्यासाठी नव्या लवादाची गरज नाही. तीन जिल्ह्यांचे अधिकारी काठावरच्या लोकांना सोबत घेऊन एका मांडवाखाली बसले तरी पुरे.

इतिहास तहांच्या तारखा जपून ठेवतो. काठावरच्या माणसाला मात्र आपले लेकरू सुखरूप पैलतीरी पोहोचले, तोच दिवस महत्त्वाचा वाटतो.