प्रामाणिक शिफारशीतून उत्पन्न : आशयनिर्मात्यांचा व्यवसाय आणि त्याचे नियम

एखादी वस्तू स्वतः वापरून पाहणे, तिचे गुणदोष लोकांपुढे मांडणे आणि त्या शिफारशीवरून झालेल्या खरेदीचा मोबदला मिळवणे हा भारतात आता स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. स्वयंपाकघरातील उपकरणे, पुस्तके, शेतीची अवजारे, मोबाइल संच, सौंदर्यप्रसाधने अशा अनेक वस्तूंविषयी मराठीसह सर्व भारतीय भाषांत चित्रफिती आणि लेख प्रसिद्ध होतात. या व्यवसायाचे भांडवल म्हणजे प्रेक्षकांचा विश्वास. तो पैशासाठी गहाण पडू नये म्हणून गेल्या काही वर्षांत कायदा, करव्यवस्था आणि जाहिरात क्षेत्राची आचारसंहिता या तिन्हींनी त्याची दखल घेतली आहे.

उत्पन्नाचे मार्ग

शिफारशीतून मिळणारे उत्पन्न मुख्यतः तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार विक्रीवरील कमिशनचा. यालाच 'अ‍ॅफिलिएट' पद्धत म्हणतात. अ‍ॅमेझॉन कंपनीने १९९६ मध्ये अमेरिकेत अशी योजना सुरू केली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. यूट्यूबनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लिपकार्ट आणि मिंत्रा यांच्या सहभागाने भारतात अशी योजना आणली. दुसऱ्या प्रकारात कंपनी ठरावीक रक्कम देऊन आशय तयार करून घेते. यास प्रायोजित आशय म्हणतात. तिसऱ्या प्रकारात रोख रक्कम मिळत नाही. वस्तू, प्रवास किंवा हॉटेलातील मुक्काम विनामूल्य मिळतो.

कमिशनचा हिशेब कसा होतो

अ‍ॅफिलिएट योजनेत प्रत्येक आशयनिर्मात्याला स्वतःचा सांकेतिक क्रमांक असलेला दुवा मिळतो. प्रेक्षकाने त्या दुव्यावरून दुकानाच्या संकेतस्थळावर जाऊन ठरावीक मुदतीत खरेदी केली, तर विक्रीची नोंद त्या निर्मात्याच्या नावे होते. ही मुदत आणि कमिशनचे दर प्रत्येक योजनेत निराळे असतात. वस्तूच्या प्रकारानुसारही दर बदलतात.

समजा, १,५०० रुपयांच्या मिक्सरवर ४ टक्के कमिशन आहे. एका विक्रीमागे ६० रुपये मिळतील. पाच जणांनी मिक्सर घेतला तर ३०० रुपये होतील. परंतु त्यांपैकी एकाने तो परत केला, तर त्याचे कमिशन रद्द होऊन २४० रुपयेच हाती राहतील. पाहणारे पुष्कळ आणि प्रत्यक्ष खरेदी करणारे थोडे असेच चित्र सर्वसाधारणपणे दिसते. केवळ कमिशन मिळावे म्हणून निकृष्ट वस्तूची भलामण केल्यास ती परत येते आणि प्रेक्षकही दुरावतो. नियमित उत्पन्न टिकवायचे असेल, तर प्रामाणिकपणा व्यवहाराच्या दृष्टीनेही आवश्यक ठरतो, तो या कारणाने.

कायदा काय सांगतो

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची स्थापना झाली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाप्रमाणेच शिफारस करणाऱ्यासही १० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार या प्राधिकरणास आहे. पुन्हा उल्लंघन झाल्यास दंडाची मर्यादा ५० लाख रुपये आहे. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत आणि पुढील उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत बंदीही घालता येते. मात्र जाहिरातीतील दाव्याची पुरेशी शहानिशा केली होती असे त्याने दाखवून दिल्यास तो दंडास पात्र ठरत नाही.

जून २०२२ मध्ये प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. शिफारस ही त्या व्यक्तीचे खरे मत असावी आणि ती पुरेशा माहितीवर किंवा प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेली असावी, असे त्यात नमूद आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने समाजमाध्यमांवरील व्यक्तींसाठी वेगळी पुस्तिका काढली. पैसे, भेटवस्तू, सवलत, विनामूल्य प्रवास किंवा मुक्काम, तसेच कौटुंबिक अथवा नोकरीचे नाते यांपैकी कोणताही संबंध कंपनीशी असल्यास तो उघड करणे आवश्यक असल्याचे तीत स्पष्ट केले आहे.

हा खुलासा कसा करावा, हेही पुस्तिकेत सांगितले आहे. छायाचित्रात तो चित्रावरच दिसावा. चित्रफितीत तो बोलूनही सांगावा आणि पडद्यावरही दाखवावा. थेट प्रक्षेपणात तो सतत दिसत राहावा. शिफारस ज्या भाषेत असेल, त्याच भाषेत खुलासा असावा. मराठी चित्रफितीत 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असा शब्द असणे म्हणूनच उचित ठरते. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगाव येथील मराठी प्रेक्षकासही तो सहज कळतो.

जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था असलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेनेही मे २०२१ मध्ये आपली नियमावली जाहीर केली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिने आरोग्य आणि अर्थविषयक सल्ला देणाऱ्यांसाठी पात्रतेची किंवा नोंदणीची अट घातली. शेअर बाजाराविषयी विनानोंदणी सल्ला देणाऱ्यांशी व्यावसायिक संबंध ठेवण्यास सेबीने २०२४ मध्ये आपल्या अखत्यारीतील संस्थांना मनाई केली.

प्रतिकूल मत आणि न्यायालये

प्रामाणिक परीक्षणात दोषही सांगावे लागतात. त्यातून वाद न्यायालयात जाऊ शकतो. खोबरेल तेलाच्या एका परीक्षणावरून मॅरिको कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला होता. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे संबंधित चित्रफीत हटविण्यास सांगितले. समाजमाध्यमांवर प्रभाव असणाऱ्या व्यक्तीची जबाबदारी सामान्य माणसापेक्षा अधिक असते, असेही न्यायालयाने म्हटले. पुढील महिन्यात खंडपीठाने काही बदल करून ती चित्रफीत पुन्हा दाखविण्यास मुभा दिली.

दिल्ली उच्च न्यायालयापुढे प्रथिनयुक्त भुकटीवरील टीकेचे प्रकरण आले. टीका करणाऱ्यांनी प्रयोगशाळेतील चाचण्यांचा आधार दिला होता. न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्या चित्रफितींवर अंतरिम मनाई देण्यास नकार दिला. चाचणीचा अहवाल, खरेदीची पावती आणि वापराच्या नोंदी जपून ठेवणे किती उपयुक्त आहे, हे या प्रकरणातून दिसून येते.

कराची आकारणी

कमिशन आणि प्रायोजकत्वाची रक्कम ही करपात्र उत्पन्नात मोडते. विनामूल्य मिळालेली वस्तूही त्यातून सुटत नाही. व्यवसायाच्या ओघात वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक मूल्याचे लाभ देणाऱ्या कंपनीने १० टक्के करकपात करावी, ही तरतूद १ जुलै २०२२ पासून लागू झाली. मोटार, मोबाइल, कपडे किंवा सौंदर्यप्रसाधने यांसारखी वस्तू वापरानंतर कंपनीला परत केल्यास ती लाभ मानली जाणार नाही आणि स्वतःकडे ठेवल्यास मानली जाईल, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले. सेवेपासूनची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेल्यास बहुतेक राज्यांत वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक ठरते. काही राज्यांत ही मर्यादा १० लाख रुपये आहे.

नवोदितांसाठी

आपल्याला ज्या विषयाची जाण आहे, त्याच विषयातील वस्तूंची शिफारस करावी, असा या क्षेत्रातील सर्वमान्य संकेत आहे. वस्तू किती दिवस वापरली, ती विकत घेतली की कंपनीकडून मिळाली, तिच्यात कोणते दोष आढळले आणि ती कोणासाठी उपयोगी नाही, हे सांगितल्यास प्रेक्षकास निर्णय घेणे सोपे जाते. वस्तूचा दर्जा नंतर घसरल्यास जुन्या शिफारशीत दुरुस्ती करावी. प्रायोजकाशी करार करताना प्रतिकूल मुद्दे मांडण्याचे स्वातंत्र्य लेखी मागून घ्यावे.

एकाच माध्यमावर विसंबून राहणेही धोक्याचे आहे. जून २०२० मध्ये भारताने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा अनेक निर्मात्यांचे उत्पन्नाचे साधन एका दिवसात बंद झाले. ज्यांचे प्रेक्षक त्यांना नावाने ओळखत होते, त्यांना दुसऱ्या माध्यमावर नव्याने सुरुवात करणे तुलनेने सुकर होते. माध्यमे आणि कमिशनचे दर बदलत राहतात. प्रेक्षकांशी जुळलेले नाते मात्र निर्मात्याचे स्वतःचे असते.